शेखरची गाडी, एकास बारा

माधवीवहिनीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. मी डेंटल टेक्निशियन. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या आणि कॅप बनवतो. हातात मेणाची एक दाढ होती. "सुनू, हे गेले गं... आत्ताच," वहिनी म्हणाली. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि ती दाढ पूर्ण केली. खाचा कोरल्या, कडा साफ केल्या, डबीत ठेवून वर डॉक्टरांचं नाव घातलं. मग पर्स उचलली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "माझा भाऊ गेला." इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की हा शब्द मी त्याच्याकडून काढून घेतला होता...

स्मशानात जुन्या कॉलनीतले सगळे आले होते. वहिनीला भेटून झालं की माणसं माझ्याकडे यायची. "सख्खा नव्हता, पण सख्ख्याहून जास्त केलं हो त्याने तुमच्यासाठी," असं प्रत्येक जण आपापल्या शब्दांत म्हणत होता. मी मान हलवत होते. माझ्या डोळ्यांत पाणी नाही हे बायकांच्या लक्षात आलं, तेव्हा एक जण वहिनीला हळूच म्हणाली, "हिला रडू दे गं, हिच्या मनाने घेतलंय." वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. प्रमोदबद्दल, म्हणजे या भावाबद्दल लिही, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल, म्हणून मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिही. फक्त खरं लिही." नावं मी बदलली आहेत, तेवढं तिच्यासाठी.

प्रमोद आणि माझा सख्खा भाऊ शेखर, दोघं घाटकोपरच्या एकाच कॉलनीत वाढले. आमची बिल्डिंग आणि त्यांची बिल्डिंग समोरासमोर. खिडकीतून शीळ वाजली की शेखर चपला शोधायला लागायचा. आमचे बाबा मालवणकडचे, गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात गेटवर उभे राहायचे. शेखर शिकून अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. तेव्हा घाटकोपर-अंधेरी मेट्रो नव्हती, दोन बस बदलून पोरगा रडकुंडीला यायचा, म्हणून त्याने मोटारसायकल घ्यायचं काढलं. बाबांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. आई मात्र हट्टाला पेटली. "कमावता झालाय, एक हौस करू दे की त्याला. सगळं काय आपणच ठरवायचं?" शेवटी गाडी आली. लाल टाकीची, काळ्या सीटची, टू-स्ट्रोक. चालू केली की निळसर धूर सोडायची आणि अख्ख्या कॉलनीला कळायचं की शेखर निघाला. आईची अट एकच होती, मागच्या चाकाला साडीगार्ड लावायचं. ते जाळीदार लोखंड शेखरला अजिबात आवडायचं नाही. "माझ्या मागे साडी नेसून कोण बसणारे?" तो वैतागायचा. आई म्हणायची, "मी."

ती एकदाच बसली. कॉलनीला एक फेरी मारली आणि उतरल्यावर बराच वेळ नुसती हसत होती.

गाडी येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. एका रविवारी शेखर आणि प्रमोद माहुलला एका मित्राकडे जेवायला गेले. त्या मित्राचे वडील मासेमारी करायचे, ताजी मासळी मिळायची. निघताना शेखरने निळ्या चौकडीचा शर्ट घातला होता. तो मी इस्त्री करून दिला होता, कारण त्या बदल्यात येताना त्याने मला कोलंबी आणायचं कबूल केलं होतं. संध्याकाळी परत येताना, तिकडच्या तेल कंपन्यांच्या रस्त्यावर, वळणाऱ्या टँकरच्या मागच्या चाकापाशी गाडी गेली. शेखर जागच्या जागी गेला. प्रमोद बाजूला फेकला गेला आणि त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

हॉस्पिटलमध्ये पोलिसांनी विचारलं तेव्हा प्रमोदने सांगितलं, की गाडी शेखर चालवत होता. जोरात होता. "मी मागून सांगत होतो त्याला, हळू घे." हेच आमच्यापर्यंत आलं, हेच कॉलनीत पसरलं, आणि हेच पुढे आमच्या घराचं सत्य झालं. गाडी चालवणारा स्वतःच गेल्यामुळे केसही पुढे फार वाढली नाही. लोक सांत्वनाला यायचे आणि जिन्यात म्हणायचे, पोरगा उडवायचाच गाडी. बाबांनी ते ऐकलं. मग ते आईकडे बघायचे. "तू घेऊन दिलीस" हे वाक्य त्यांनी आयुष्यात एकदाही उच्चारलं नाही. पण आईने ते रोज ऐकलं.

एक प्रसंग मला सांगायलाच हवा, कारण आता तोच माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. प्रमोद घरी आल्यावर बाबा त्याला बघायला गेले. मी सोबत होते. प्रमोद पलंगावर होता, हात प्लास्टरमध्ये, अंगावर चादर. त्याची आई दारात उभी होती. बाबा आत गेलेच नाहीत. त्यांनी उंबऱ्याबाहेरच हात जोडले आणि खाली वाकले. बाबा एरवी घरात साधं मराठी बोलत, पण आतून हलले की मालवणीवर जायचे, मुलाला झील म्हणायचे. "वैनी, आमच्या झिलान तुमच्या झिलाचो जीव घेतल्यान असतो," ते म्हणाले. "माका माफ करा." प्रमोदची आई रडायला लागली, "अहो भाऊ, असं काय करता" म्हणाली. मी प्रमोदकडे बघत होते. तो छताकडे बघत होता. मला वाटलं, त्याला दुःखाने बोलवत नाहीये.

हात बरा झाल्यावर तो आमच्याकडे यायला लागला, आणि मग येतच राहिला. गॅसचा सिलिंडर वर चढवणं, रेशन, बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या खेपा... शेखरने जी कामं केली असती ती सगळी त्याने उचलली. त्याला ट्रॉम्बेला चांगली सरकारी नोकरी लागली, तरी रविवारी सकाळी तो आमच्या दारात असायचा. पहिल्या भाऊबीजेला मी आतल्या खोलीत तोंड लपवून बसले होते. आईने पाट मांडला, ताट केलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "ओवाळ त्याला. आता हाच तुझा दादा." मी ओवाळलं. त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणायला लागले. माझ्या लग्नात कानपिळी त्याने केली. माझ्या नवऱ्याचा कान इतक्या जोरात पिळला, की फोटोत त्याचं तोंड वाकडं आलंय. माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी पहाटे रांगेत तो उभा राहिला. आई आजारी पडली तेव्हा माझ्यापेक्षा जास्त वेळ तो तिच्या उशाशी बसायचा. जायच्या आधी आईने त्याचा हात धरून म्हटलं होतं, "शेखरचं पाप तू फेडलंस रे बाळा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्याने आईचा हात आपल्या कपाळाला लावला. बाकी काहीही केलं नाही.

त्या अपघातानंतर तो कधी दुचाकीला शिवला नाही. सगळ्यांना कारण पटण्यासारखं होतं. हात मोडल्यानंतर डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला होता, त्यातून त्याला छोटी मॉडेल बनवायचा नाद लागला. प्लास्टिकच्या चौकटीत सुटे भाग जोडून येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. आधी विमानं, मग जहाजं, जुन्या मोटारी. कॉलनी पाडून टॉवर झाला आणि त्याला मोठं घर मिळालं, तेव्हा त्याने हॉलच्या एका भिंतीला काचेचं कपाट करून घेतलं. त्याच्या कामात एक वेड होतं, खरेपणाचं. विमानाच्या पंखाखाली, जिथे कुणी कधी बघणार नाही, तिथेही तो तेलाचा ओघळ रंगवायचा. मी विचारायची, "हे कोण बघणारे, दादा?" तो म्हणायचा, "कोणी बघो न बघो. होता ना ओघळ तिथे? मग पाहिजे." कपाटात सगळं होतं. मोटारसायकल एकही नव्हती.

गेल्या वर्षी त्याच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फार लपवलं नाही. त्याने नोकरी सोडली, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. एका रविवारी मी गेले तर डायनिंग टेबलावर एक खोका होता, जपानी मोटारसायकलचं किट. खऱ्या गाडीच्या एकास बारा प्रमाणात, म्हणजे साधारण वीतभर लांबीची. "सुनू, शेखरची गाडी करायची का?" तो म्हणाला. "तशीच्या तशी. एकट्याने नाही होणार आता. हात थरथरतात, आणि तुझी बोटं दातांवर घासून तयार आहेत." मला काय वाटलं ते कसं सांगू... इतक्या वर्षांत आमच्या घरात शेखरचं नाव कुणी मोकळेपणाने घेत नव्हतं. बाबा माझ्याकडे मुलुंडला असतात, त्यांच्यासमोर तर नाहीच. आणि इथे कुणीतरी शेखरची गाडी तशीच्या तशी करायची म्हणत होतं. मी खुर्ची ओढून बसले.

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले फार सुंदर रविवार होते. हे मी आजही खोडून काढू शकत नाही, त्याचाच तर राग आहे. ते किट शेखरच्या गाडीचं नव्हतंच, त्याच घराण्यातल्या मोठ्या गाडीचं होतं. म्हणून निम्मे भाग आम्हाला नव्याने घडवावे लागले. टाकीचा आकार जमेना, तेव्हा मी लॅबमधून कवळीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक आणलं आणि त्यातून टाकी कोरली. प्रायमर मारेपर्यंत ती हिरडीसारखी दिसायची, वहिनी म्हणाली, "आता हिला दात पण बसव." किटची चाकं सलग ओतीव होती, शेखरच्या गाडीला तारा होत्या. प्रमोदने खोटी चाकं कापून काढली आणि बारीक पोलादी तार ओवून नवीन केली. तुटलेल्या इअरफोनमधली तांब्याची तार क्लचची केबल झाली. अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा तुकडा आरसा झाला. साडीगार्ड मी केलं, ऑर्थोडॉन्टिक तारेचं, दातांना लावतात त्या. ते बसवलं तेव्हा प्रमोद म्हणाला, "काकू बसल्या होत्या एकदा." आणि आम्ही दोघं हसलो, आणि मग दोघांनीही चष्मे पुसले.

त्याला सगळं आठवत होतं. डावा इंडिकेटर तुटलेला होता आणि काळ्या टेपने गुंडाळला होता. क्लचचा दांडा किंचित वाकलेला होता. मीटरच्या काचेला डावीकडून एक तडा होता. मी म्हटलं, "तडा? मला नाही आठवत." तो म्हणाला, "तुला कसा दिसेल? तो पुढे बसल्यावरच दिसायचा. ऊन पडलं की चमकायचा." तेव्हा मी त्याच्या स्मरणशक्तीचं कौतुक केलं होतं.

गाडी जवळजवळ झाली, तेव्हा त्याने रेझिनच्या दोन छोट्या मूर्ती मागवल्या. दोन माणसं. एक हँडल धरून बसणारा, एक मागे. गुडघे, कोपर कापून, पुन्हा जोडून त्याने त्या गाडीवर बसत्या केल्या. मागच्याचा एक हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवला. म्हणाला, "रंगवशील? मला आता ब्रश धरवत नाही." मी भिंग लावून बसले. निळ्या चौकडीचा शर्ट मला पाठ होता, मी इस्त्री केलेला. नखाएवढ्या पाठीवर चौकडी काढायची म्हणजे श्वास रोखून एकेक रेघ मारावी लागते. अख्खी दुपार मी तेच करत होते. प्रमोद समोर बसून बघत होता, नाकात नळी, मशीनची घरघर. वहिनी आतल्या खोलीत होती. शर्ट पूर्ण झाला, मी पुढची मूर्ती उचलून त्याला दाखवली.

"झकास झालाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "सुनू, पण हा शर्ट पाठच्याला हवा."

मला वाटलं, आजारपणात गल्लत होतेय. "दादा, पाठी तू होतास."

"नाही गं." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "पुढे मी होतो."

मला आठवतंय, मी ब्रश पाण्यात बुडवला. तो धुतला, टोक केलं, पुसला. मग म्हटलं, "काय बोलतोयस तू?"

त्याने सांगितलं. अडखळत नाही, जणू पुष्कळदा मनात म्हणून झालेलं. त्याला गाडी नीट येत नव्हती. शेखर त्याला शिकवत होता. माहुलहून निघताना शेखरच म्हणाला, तू चालव, मी आहे ना पाठी. रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. टँकर वळताना याला अंदाज आला नाही, वेग जास्त होता. 'हळू घे, पम्या, हळू घे,' असं शेखर म्हणत होता. हॉस्पिटलमध्ये पोलीस यायच्या आधी त्याचा मामा येऊन गेला. सरकारी नोकरीचं पत्र आलेलं होतं, त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी व्हायची होती. मामा म्हणाला, तुझ्यावर केस झाली तर संपलं सगळं. तो तर गेलाच, त्याला आता काय होणारे?

"आणि 'हळू घे'? ते पण तू स्वतःचं करून सांगितलंस?"

"हो."

"माझे बाबा तुझ्या आईच्या पाया पडले, दादा."

"माहितीये."

"तू बघत होतास."

"माहितीये गं." त्याला धाप लागली. "मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"दर भाऊबीजेला ठरवून यायचो."

"मग?"

"मग तू ओवाळायचीस."

मी उठले. वहिनीला हाक न मारता चप्पल घातली. तो मागून म्हणाला, "सुनू, मला माफ नको करूस. पण शेखरला पाठी बसव." मी दार ओढून घेतलं.

त्यानंतर मी गेले नाही. त्याने फोन केले, मी उचलले नाहीत, आणि याचा मला पश्चात्ताप होत नाही. लोक म्हणतील, मरणाऱ्या माणसाने कबुली दिली, केवढं धैर्य. मला तसं वाटत नाही. धैर्य तेव्हा हवं होतं, जेव्हा आई जिवंत होती. आई गेली तेव्हा स्वतःला गुन्हेगार समजून गेली. आणि तिला वाटलं, शेखरचं पाप याने फेडलं. शेखरचं पाप! मी वर्षानुवर्षं माझ्याच भावावर मनातल्या मनात चिडत आले. का उडवलीस गाडी, का आमची वाट लावलीस... आणि ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हे बोलायची, तो माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा. एखादा वाईट माणूस असता तर मी सुटले असते. त्याने केलेलं सगळं खरं होतं. सिलिंडर खरा, रांग खरी, आईच्या उशाशी बसणं खरं. पण ते प्रेम होतं की भरपाई, हे मला आता कधीच कळणार नाही. गेल्या तीसेक वर्षांतला प्रत्येक चांगला दिवस मला पुन्हा तपासावा लागतोय, आणि उत्तर द्यायला तो नाही.

जायच्या थोडे दिवस आधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. खाली एक अक्षर नाही. गाडी पूर्ण झाली होती. पुढच्या मूर्तीवरची माझी चौकडी खरवडून काढलेली होती आणि तिथे साधा पिवळा रंग दिला होता. मागच्या मूर्तीला निळी चौकडी होती, त्याच्या हातची. रेघा थरथरलेल्या, एकमेकींत घुसलेल्या. मी फोटो मोठा करून पाहिला. त्याला दोन निळ्या खुणा दिसल्या असणार. मी उत्तर दिलं नाही.

तेराव्यानंतर वहिनीने मला बोलावून घेतलं. कपाटातून गाडी काढून तिने चपलांच्या खोक्यात कापसावर ठेवली होती. "ही तुझ्याकडे द्यायला सांगितलीये," ती म्हणाली. मी तिला विचारलं, "वहिनी, तुला कधी सांगितलं त्याने?" वाटलं, म्हणेल, आजारपणात.

"लग्नाआधी," ती म्हणाली. "आधी ऐक, मग होकार दे, म्हणाले."

मी खालीच बसले. तिला लग्नाआधी सांगता आलं त्याला. "म्हणजे तू आमच्याकडे यायचीस, आई तुला म्हणायची, माझ्या पोरामुळे तुला हा नवरा मिळालाच नसता... तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"काय करू मग?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला माहेर नाही, सुनू. काकूंनी माझं बाळंतपण केलंय. तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही सगळे गेला असतात. ह्यांना तुम्ही हवे होतात म्हणून हे गप्प राहिले, आणि मला हवे होतात म्हणून मी." मग ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण उठून गेलेही नाही. तिने चहा केला, तो मी प्यायले.

खोका घेऊन मुलुंडला आले, आणि मग खरा प्रश्न होता तो बाबांचा. बाबा नव्वदीला टेकलेत. दिसतं कमी, ऐकू बरं येतं. नवरा म्हणाला, "आता कशाला? शांत आहेत ते." मी दोन दिवस विचार केला. पण मला वाटलं, नाही सांगितलं तर मीही प्रमोद आणि वहिनीसारखीच होईन. ऐकणाऱ्याच्या भल्याचं नाव पुढे करून गप्प बसणारी. सकाळी न्याहारीनंतर, ते खिडकीपाशी बसले असताना, मी गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, मामा, नोकरी, 'हळू घे'.

ते बोटांनी गाडी चाचपत होते. टाकी, सीट, साडीगार्ड. साडीगार्डापाशी बोटं थांबली. मग मागच्या मूर्तीवर आली.

"शेखर पाठी बसललो?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. पाठी."

"मगे तेका टँकर दिसलो नसतलो."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. इतकी वर्षं हा माणूस डोळे मिटले की काय बघत होता ते... अंगावर येणारा टँकर, आणि तो बघणारा आपला मुलगा. पुढे प्रमोद होता. त्याच्या पाठीआड शेखरला तो दिसला नसेल. बाबांनी एवढंच धरून ठेवलं. प्रमोदबद्दल वाईट बोलले नाहीत, चांगलंही नाही. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "तुझी आई असाक हवी होती."

रागाच्या भरात मला एकदा वाटलं होतं, पुढची मूर्ती काढून टाकावी. माझ्याकडे हत्यारं आहेत, प्लास्टिकला धक्का न लावता ती सहज निघेल. मी पक्कड घेऊन बसलेही होते. पण हँडलच्या मुठींवर त्याने त्या मूर्तीची बोटं एकेक करून वळवली आहेत, चार बोटं क्लचवर, वाकलेल्या दांड्यावर. ती कापली तर दांडा तुटेल, आणि दांडा शेखरच्या गाडीचा आहे. पक्कड परत ठेवली. येत्या भाऊबीजेला मी काय करणार, मला माहीत नाही.

गाडी आता बाबांच्या खोलीत टीव्हीशेजारी असते. त्यांची अंघोळ-पांघोळ बघायला लता म्हणून एक बाई येते. ती नवीन आहे, तिला आमचं काहीच ठाऊक नाही. परवा ती धूळ पुसत होती आणि मी दारात कपडे घड्या करत होते. "आजोबा, कित्ती बारीक काम आहे हो! कोण आहेत हे दोघं?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत बाबांनी परक्या माणसाला शेखरचं नाव सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"पाठचो माझो झील," बाबा म्हणाले.

"आणि हा पुढचा, गाडी चालवतोय तो?"

बाबा हसले. मुलाचं कौतुक सांगताना बाप हसतो तसे हसले. माझ्या हातातली घडी तशीच राहिली; हे हसू आईला बघायला मिळायला हवं होतं, आणि ते कुणी मिळू दिलं नाही हे मला माहीत होतं.

"तेका खंय येत होती गाडी," बाबा म्हणाले. "आमचो शेखर शिकवी तेका."